आधी भिंत बघा, मग भांड्याचं बूड

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं विजेच्या शेगडीबद्दलची आहेत, म्हणून या अंकाचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेकांनी एक प्रश्न विचारलाच आहे, ‘ताई, कुठल्या कंपनीची घेऊ?’ त्याचं उत्तर मी देणार नाही. आयटीआयमध्ये २६ वर्षं वायरमनचा ट्रेड शिकवला, आता मिरजेत घरीच टेबल मांडून शेगड्या, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करते. शेगडी उघडली की आतला बिघाड दिसतो, पण त्याचं कारण बऱ्याचदा शेगडीबाहेरचं असतं. एक तर भिंतीतलं सॉकेट, नाही तर वर ठेवलेलं भांडं. या दोन्हींकडे कुणी बघत नाही, आणि जीव मात्र त्यांच्यावरच अवलंबून असतो.

प्रश्न : ताई, मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. सदाशिव पेठेत आम्ही तिघं एका खोलीत राहतो. मेसच्या जेवणाला कंटाळून २००० वॅटचं इंडक्शन घेतलं. त्याच्या मोठ्या पिना आमच्या सॉकेटात बसत नव्हत्या, म्हणून कन्व्हर्टर आणला आणि एक्स्टेंशन बोर्डावर लावला. त्याच बोर्डावर लॅपटॉप आणि फोनही असतात. आठ दिवसांपासून प्लग गरम होतोय, जळकट वास येतोय. बोर्ड बदलला तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बाळा, पुढचं वाचण्याआधी उठ आणि ते इंडक्शन बोर्डावरून काढ. नवा बोर्ड आणलास तरी पुन्हा हेच होणार आहे.

हिशोब सोपा आहे. २००० वॅटला २३० व्होल्टने भाग, ८.७ अँपिअर येतात. तुझ्या बोर्डाच्या मागे बघ, बहुधा ६ अँपिअर लिहिलेलं असेल. ‘पावणेतीन अँपिअरच जास्त आहेत की’ असं वाटेल. पण तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ६ च्या जागी ८.७ गेले की उष्णता दुपटीच्या वर जाते. आणि ती सगळीकडे सारखी नसते. जिथे पिन सैल बसलेली असते तिथे ती साठते. गरम झालं की सॉकेटातल्या पितळी पट्टीचा ताण जातो, पट्टीची पकड सुटते, सांधा काळा पडतो, आणि काळा पडलेला सांधा आणखी तापतो. तुला जो वास येतोय तो या साखळीचा शेवटून दुसरा टप्पा आहे. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या एका मुलीने तिचा बोर्ड माझ्याकडे आणला होता. बाहेरून अगदी चांगला दिसत होता, आत पट्ट्या निळ्या पडलेल्या आणि प्लास्टिक पघळून तारेवर आलेलं. बोर्ड होता गादीच्या कडेला. ते बघून मी त्या रात्री नीट झोपले नाही.

मोठ्या पिना लहान सॉकेटात बसत नाहीत, हीच खरं तर सूचना असते की हे यंत्र इथे लावायचं नाही. कन्व्हर्टर ती सूचना पुसून टाकतो. इंडक्शनला १६ अँपिअरचं सॉकेट लागतं, गिझरला किंवा एसीला असतं तसं. त्याच्यामागची तांब्याची तार निदान २.५ चौरस मिलिमीटरची, शक्यतो ४ ची, आणि ती थेट मेन बोर्डातल्या स्वतंत्र एमसीबीपासून (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या बटणापासून) आलेली हवी. नुसतं मोठं सॉकेट बसवून मागे जुनी बारीक तार ठेवली, तर जळायची जागा भिंतीच्या आत जाते, बस्स. एवढं काम घरमालकाकडून करून घे, तिघं मिळून सांगा.

‘मग आम्ही ८०० वॅटवरच चालवू’ असं म्हणशील. पडद्यावर ८०० दिसत असताना पुष्कळ इंडक्शन प्रत्यक्षात त्याहून जास्त वॅटवर काही सेकंद चालतात, काही सेकंद थांबतात, आणि सरासरी ८०० ची भरते. ती टक-टक ऐकू येते बघ. म्हणून तोही भरवसा नको. मालकाने काम केलं नाही, तर ७०० वॅटचा साधा राइस कुकर घ्या. तो ३ अँपिअर खातो, भिंतीतल्या धड असलेल्या ६ अँपिअरच्या सॉकेटात थेट चालतो. मुगाची खिचडी, वरणभात, उकडलेली अंडी, बटाटे, तिघांचं पोट भरेल एवढं त्यात होतं. पुढे इंडक्शन वापरलंत, तर ते गादीवर किंवा वर्तमानपत्रावर ठेवू नका. त्याच्या पोटाखालून पंखा हवा ओढतो. आणि स्वयंपाक झाला की लगेच प्लग उपटू नका, पंखा स्वतःहून थांबेपर्यंत मेन चालू राहू द्या. ही सवय नसल्यामुळे आतला पॉवर ट्रान्झिस्टर गेलेली यंत्रं माझ्याकडे खूप येतात.

प्रश्न : ताई, मुलाने दिवाळीत इंडक्शन आणून दिलं. घरात भांडी भरपूर आहेत, स्टीलची, पितळेची, हिंडालियमची, आईच्या वेळची तांब्याची. पण स्टीलचीसुद्धा निम्मी चालत नाहीत, यंत्र नुसतं टीं-टीं करून बंद पडतं. दुकानदार म्हणतो सगळा सेट नवा घ्या. खरंच घ्यावा लागेल का? आणि कुकरचं काय?
– एक गृहिणी, सातारा

उत्तर : सगळा सेट नको. फ्रिजला लावायचं एखादं लोहचुंबक घ्या आणि मांडणीसमोर बसा. प्रत्येक भांडं पालथं करून बुडाच्या मधोमध चुंबक लावा, कडेला नाही. घट्ट चिकटलं तर ते भांडं चालेल. लुळं चिकटलं तर तापेल, पण रडतखडत. पडलं तर नाही.

गॅसवर ज्योत बुडाला तापवते. इंडक्शनमध्ये ज्योत नाही आणि काचेखाली तापलेली तारही नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला २० हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा करंट जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे करंट उठवतं आणि बूड स्वतःच तापतं. लोखंडात आणि चुंबक धरणाऱ्या स्टीलमध्ये हे चांगलं होतं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांच्यात त्या घरगुती यंत्राला पुरेसा रोध सापडत नाही, म्हणून ते ‘भांडं नाही’ असं समजून ओरडतं.

स्टीलचं कोडं असं की स्टील म्हणजे एकच धातू नव्हे. ज्यात निकेल पुरेसं असतं, ते चकचकीत १८/८ चं स्टील चुंबकाला दाद देत नाही. निकेल नसलेलं स्टील देतं. म्हणजे तुमची जी भांडी भारी म्हणून घेतली, तीच बहुधा इथे नापास होतील, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. नवीन घेताना तळाशी वेटोळ्याचं चिन्ह असतं ते बघा, तरी चुंबक पर्समध्ये ठेवाच.

चुंबकानंतर दुसरी परीक्षा पट्टीची. पालथ्या बुडावर मुलांची स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि खिडकीकडे धरा. पट्टीखालून उजेड दिसला, तर बूड फुगलेलं किंवा खोल गेलेलं आहे. असं भांडं काचेवर डुलतं, मध्ये तापतं, कडेला गार राहतं. शिवाय काचेखाली मधोमध जो तापमापक असतो त्याला खरं तापमान कळत नाही. गोल बुडाची कढई म्हणून नकोच, सपाट बुडाची घ्या. बूड वेटोळ्याएवढं, साधारण सहा-सात इंच, म्हणजे उत्तम. चार इंचांहून लहान भांडं बरीच यंत्रं ओळखतच नाहीत. म्हणूनच फोडणीची पळी चालत नाही. मी लोखंडी तवा मध्यम आचेवर ठेवते आणि त्यावर पळी. फोडणी उशिरा होते, पण मोहरी जळत नाही. काही जण यासाठी लोखंडी चकती विकत घेतात आणि तिच्यावर पितळेची, ॲल्युमिनियमची भांडी ठेवून पूर्ण स्वयंपाक करतात. तो माझ्या मते खोटा मार्ग आहे. चकती आधी तापते, खालच्या काचेला भाजते, मग भांड्याला थोडीफार उष्णता देते. वीजही जाते आणि यंत्रही.

कुकर तुमचा जुना ॲल्युमिनियमचा असेल, तर तो गॅसवरच राहू द्या. नवा घेताना बुडाला चुंबकाचं स्टील पक्कं बसवलेला घ्या, आणि अंगावर आयएसआयची खूण बघा. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हा आकडा असतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, इंडक्शनवर कुकर झपाट्याने चढतो. गॅसवर अंगात मुरलेला ‘तीन शिट्ट्या’चा हिशोब इथे लागू पडत नाही, कारण पहिली शिट्टी लवकर येते आणि तोवर डाळ पुरती भिजलेलीसुद्धा नसते. वाफ धरली की आच ५००-६०० वॅटवर आणा आणि घड्याळ लावा. पाणी नेहमीपेक्षा कमी घालू नका. कोरडा कुकर फुल आचेवर ठेवणं म्हणजे सेफ्टी वॉल्व्हची परीक्षा घेणं आहे. तीच गोष्ट नॉनस्टिकची. रिकामं नॉनस्टिक भांडं पूर्ण आचेवर दोन-तीन मिनिटांत फार वर जाऊ शकतं, आणि २६० अंशांच्या पुढे त्याचा थर विघटित होऊ लागतो. आधी तेल किंवा पीठ, मग आच.

आणि आईच्या वेळचं तांबं-पितळ मोडीत घालू नका. गॅस घरात आहेच. पितळी पातेल्याला कल्हई मात्र वेळच्या वेळी करून घ्या. कल्हई म्हणजे कथिलाचा थर, आणि कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून ते पातेलंही कोरडं तापवायचं नाही.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना पेसमेकर बसवला आहे. शेजारच्या वहिनी म्हणतात, आता घरात इंडक्शन नको. खरं आहे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : घरातून काढण्याची गरज नाही, पण अंतर पाळायला हवं. चुंबकीय क्षेत्र काचेपासून लांब गेलं की भराभर कमी होतं. पेसमेकर आणि चालू इंडक्शन यांच्यात साधारण ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट ठेवा, असं सांगितलं जातं. ओट्याशी उभं राहून ढवळणाऱ्या ठेंगण्या बाईचं हे अंतर सहज मोडतं. वाकून भांड्यात डोकावलं की छातीच शेगडीवर येते. म्हणून सासूबाईंनी त्यावर स्वतः रांधू नये, रांधायचंच असेल तर गॅसवर. बाकीच्यांनी रांधताना त्या स्वयंपाकघरात बसून भाजी निवडत असतील, तर भीती नाही. भांडं वेटोळ्याच्या बरोबर मध्ये आणि पुरेसं मोठं असावं. भांडं एका बाजूला सरकलं की क्षेत्र बाहेर जास्त फाकतं.

त्यांच्याजवळ पेसमेकरचं कार्ड असेल. पुढच्या तपासणीला ते घेऊन जा आणि डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा, कारण उपकरणाउपकरणांत फरक असतो. शेगडी घ्यायचीच असेल, तर इन्फ्रारेडची (काचेखालची तार लाल होऊन तापणारी) किंवा हॉटप्लेट बघा, त्यात असं क्षेत्र वापरलेलं नसतं.

प्रश्न : आमच्याकडे दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी लागते. इंडक्शनवर मध्ये करपते, कडेला कच्ची राहते, आणि फुगत तर नाहीच. सिलिंडर संपला की आमचे फार हाल होतात. काही उपाय?
– एक भगिनी, बार्शी

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्या आईला भाकरी न फुगलेली चालत नसे, आणि मलाही चालत नाही.

दुखणं असं आहे, वेटोळं सहा-सात इंचांचं आणि तवा दहा इंचांचा. कडेच्या लोखंडाला स्वतःची उष्णता नाही, ती मधल्या भागातून चालत यायची आहे. पातळ पत्र्याच्या तव्यात ती येत नाही. तेव्हा तवा जाड घ्या, चार-पाच मिलिमीटर, आणि सपाट. खोलगट तवा फक्त मध्ये टेकतो. पीठ मळायला घेतानाच तवा ५००-६०० वॅटवर ठेवून द्या. पाच-सहा मिनिटांत कडेला पाण्याचा थेंब टाकला तर तो चुर्र झाला पाहिजे. मगच आच १००० वर न्या आणि पहिली भाकरी टाका. सुरुवातीलाच १८०० वर ठेवलं, तर मध्य लाल आणि कड थंड. बिडाचा तवा असेल तर जास्तच जपा, एका जागी झटकन तापला की बिडाला तडा जाऊ शकतो. आणि कुठलाही तवा काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा. बिडाच्या खरबरीत बुडाने काचेवर उठलेला ओरखडा कधीच जात नाही.

पाणी लावलेली बाजू सुकली की भाकरी उलटा. दुसऱ्या बाजूला ती चतकोर-चतकोर फिरवत कडा मधल्या तापलेल्या भागावर येऊ द्या. मग परत उलटून ओलसर फडक्याची घडी घेऊन कडेकडेने दाबा. चुलीवर आरापाशी उभी करतो किंवा गॅसवर थेट ज्योतीवर धरतो, ते इथे नाही, वाफ आतच कोंडून फुगवायची आहे. थापताना भाकरी कुठे चिरली असेल तर वाफ तिथून निघून जाते, म्हणून पीठ गरम पाण्यात थोडं जास्त मळा. पहिली भाकरी बिघडेल, तिसरी टम्म फुगेल. पापडाची जाळी थेट इंडक्शनवर ठेवून त्यावर भाकरी शेकायचा खटाटोप मात्र करू नका. ते इन्फ्रारेड शेगडीवर जमतं, कारण तिथे काचेखालची तार लाल होते आणि काच स्वतः तापते. भाकरीचं घर असेल आणि दुसरी शेगडी विजेचीच घ्यायची असेल, तर मी इन्फ्रारेडच सुचवेन. तिच्यावर ॲल्युमिनियम, पितळ, कुठलंही सपाट भांडं चालतं. फक्त बंद केल्यावरही काच बराच वेळ हात भाजेल एवढी गरम असते, आणि लाली गेली की ती गार दिसते. घरात लहान मूल असेल तर हे विसरू नका.

प्रश्न : विजेवर रांधणं स्वस्त की गॅसवर? थोडक्यात सांगा.
– एक वाचक, लातूर

उत्तर : घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. त्यातली उष्णता विजेच्या भाषेत साधारण १८० युनिट. चांगल्या गॅस शेगडीवर त्यातला दोन-तृतीयांश भांड्यात जातो, बाकीचा ओट्यावर. इंडक्शनवर ८५ टक्क्यांच्या आसपास भांड्यात जातो. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक अंदाजे १४० युनिटांत होतो. सिलिंडरची तुम्हाला पडलेली किंमत १४० ने भागा. येणारा आकडा तुमच्या युनिटच्या दराशी ताडून बघा.

पण कुठल्या दराशी? महावितरणच्या बिलात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे टप्पे आहेत आणि दर टप्प्याला दर वाढतो. स्वयंपाकाचे युनिट तुमच्या आजच्या वापराच्या वर चढतात, म्हणून सरासरी नाही, तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर धरा, आणि त्यात वहन आकार व इंधन समायोजन आकार मिळवा. महिन्याला ७० युनिट जाळणाऱ्या घराचं आणि २८० जाळणाऱ्या घराचं उत्तर वेगळं येईल.

प्रश्न : आमचं घर राजापूरजवळ आहे. इंडक्शनवरच्या स्टीलच्या पातेल्याला डाव लावला की हाताला झिणझिण्या येतात, पावसाळ्यात जास्तच. वायरमन म्हणाला, ‘एवढं तर येतंच, चपला घालून काम करा.’ करू का तसं?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : नाही. चपलांनी झिणझिण्या थांबतील, दोष थांबणार नाही. आणि एखाद्या दिवशी ओल्या हाताने, अनवाणी, एक हात नळावर ठेवून कुणी त्या पातेल्याला शिवलं तर काय होईल, ते मला लिहायचं नाही.

आधी प्लग बघा. तीन पिनांपैकी वरची जाड पिन अर्थिंगची. ती इतर दोघींपेक्षा लांब असते, म्हणजे प्लग घालताना ती आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. कुणी ती कापली असेल किंवा दोन पिनांचा जुगाड केला असेल, तर कारण तिथेच सापडलं. पिन जागेवर असेल, तर सॉकेटमागे अर्थिंगची तार खरोखर जोडलेली आहे का ते पाहावं लागेल. जुन्या घरांत तिसरं भोक कित्येकदा नुसतंच भोक असतं. तार असेल, तर ती जमिनीत कुठे जाते ते बघा. तुमच्याकडची जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि कोरडी जमीन करंट धरत नाही, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी घालत राहायला हवं. पावसाळ्यात जास्त जाणवतं, यावरून मला यंत्रात ओल गेल्याचा किंवा मुंग्या-झुरळांनी आत घर केल्याचा संशय येतो. इंडक्शनचं पोट ऊबदार असतं, त्यांना आवडतं. ते उघडून साफ करून घ्या. काचेला तडा असेल तर शेगडी वापरू नकाच. उतू गेलेलं पाणी त्या तड्यातून थेट आतल्या तारांवर जातं.

यातलं काही घरच्या घरी करू नका. परवानाधारक दुसरा वायरमन बोलवा, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. करंट वाट चुकून माणसातून जाऊ लागला की ती क्षणात वीज तोडते. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं आणि वीज जाते की नाही बघायचं. वीज गेली नाही, तर ती आरसीसीबी शोभेची आहे, बदला. ‘एवढं तर येतंच’ हे वाक्य मी वर्गात एकाही मुलाला बोलू दिलं नाही. भांड्याला करंट अजिबात येता कामा नये, थोडासुद्धा.

प्रश्न : नमस्कार ताई. मी सहा महिन्यांपूर्वी सांगलीहून न्यू जर्सीला आले. इथे काचेची इलेक्ट्रिक शेगडी आहे, खाली लाल होते ती. होळीला पुरण उतू गेलं, ते काचेवर दगडासारखं बसलंय. कढईत तळायची भीती वाटते, कारण आच बंद केली तरी तेल तापतच राहतं. आई म्हणते, इथून तुझ्यासाठी इंडक्शन पाठवते. पाठवू दे का?
– तुमच्याच गावाकडची एक मुलगी

उत्तर : अगं, आईला सांग पाठवू नको म्हणून. तिथल्या भिंतीतल्या साध्या सॉकेटात १२० व्होल्ट असतात, आपलं यंत्र २३० चं. ट्रान्सफॉर्मर लावून २००० वॅट ओढायचे, तर तो आईच्या जात्याएवढा जड होईल. तुझ्या मोठ्या शेगडीला वेगळी २४० व्होल्टची लाइन आहे, पण तिच्यात दुसरं काही घुसवायचं नसतं. इंडक्शन हवंच असेल तर तिथलंच घे.

पुरणाचं पुढच्या वेळी असं कर. गूळ-साखर काचेवर सांडली की ती थंड व्हायच्या आतच काढायची असते. थंड होताना ती आकसते आणि काचेचा पापुद्रा ओढून नेऊ शकते, मग कायमचे खळगे राहतात. आच लगेच बंद कर, भांडं बाजूला घे, जाड हातमोजा घाल आणि काचेसाठी मिळणारी ब्लेडची खरवडणी तिरपी धरून पाक काचेच्या गार बाजूला ओढ. आत्ता जे बसलंय त्यासाठी काच पूर्ण गार असताना ओलं गरम फडकं अर्धा तास टाकून ठेव, मग खरवड. तारेचा काथ्या लावू नकोस. ॲल्युमिनियमचा फॉइल, प्लास्टिकचा डबा, पोळपाट, काही काही त्या काचेवर ठेवायचं नाही, शेगडी बंद असतानासुद्धा. तिची बटणं ओट्याशी उभं राहिलं की पोटाला लागून फिरतात.

तळणाची भीती रास्त आहे. गॅसची ज्योत बंद केली की उष्णता थांबते, ही काच तशी नाही. म्हणून करंजी तळून झाल्यावर नुसती आच बंद करून वळू नकोस. कढई दोन्ही हातांनी सरळ उचलून मागच्या गार जागी ठेव, आणि त्यासाठी ती जड पण लहान असू दे, अर्ध्याहून कमी तेलाची, सपाट बुडाची. तेलातून धूर निघायला लागला, तर ते पेटायच्या वाटेवर आहे. पेटलंच, तर पाणी अजिबात नाही. पाणी तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. कढई उचलून सिंककडे पळायचंही नाही. आच बंद कर आणि कढईला पुरून उरेल असं सपाट स्टीलचं झाकण कडेवरून सरकवत तिच्यावर ने. मग ते उचलून बघू नकोस, कढई हात लावण्याइतकी गार होईपर्यंत. तळायला बसशील तेव्हा झाकण आधी काढून ओट्यावर ठेव, मग कढई चढव.